अलोरेच्या पायाखालच्या कातळाचं वय कसं कळतं? युरेनियमपासून शिशापर्यंतच्या घड्याळाची गोष्ट

चिपळूणहून कराडकडे जाताना कुंभार्ली घाट चढण्याआधी सह्याद्रीच्या पायथ्याशी अलोरे लागतं. कोयना प्रकल्पाची वसाहत म्हणून हे नाव अनेकांना माहीत असतं. इथे पायाखाली काळा कातळ आहे, आसपास जांभा आहे आणि पुढे वाशिष्ठीच्या पात्रात गाळ आहे. या तिन्ही गोष्टींची वयं वेगवेगळी आहेत. कातळ कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, तर गाळाचे वरचे थर आपल्या आजोबांच्या काळातले.

दगडावर तारीख लिहिलेली नसते. मग शास्त्रज्ञ "हा दगड ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा" असं इतक्या ठामपणे कशाच्या आधारावर सांगतात? उत्तर आहे किरणोत्सारी ऱ्हास. काही अणू आपोआप, ठरलेल्या गतीने दुसऱ्या अणूंमध्ये बदलत जातात. ही गती उष्णतेने किंवा दाबाने बदलत नाही. म्हणून तिचा घड्याळासारखा वापर करता येतो. मात्र हे घड्याळ नेमकं कोणत्या घटनेपासून सुरू झालं, हे कळलं नाही तर त्याने दाखवलेली वेळ निरुपयोगी ठरते.

ऱ्हासमालिका म्हणजे काय?

अलोरे परिसरातल्या लोकांना ही कल्पना समजायला सोपी आहे, कारण कोयनेचं पाणी असंच टप्प्याटप्प्याने उतरतं. घाटावरच्या शिवसागर जलाशयातलं पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात येतं. तिथून ते कोळकेवाडीच्या जलाशयात साठतं. कोळकेवाडी धरणाखालच्या तिसऱ्या टप्प्याच्या वीजघरातून ते पुढे वाशिष्ठीला मिळतं आणि शेवटी समुद्रात जातं.

युरेनियमचंही तसंच आहे. युरेनियम-२३८ चा अणू एका झटक्यात शिसं होत नाही. तो १४ टप्पे उतरतो. त्यात ८ वेळा अल्फा कण बाहेर पडतो आणि ६ वेळा बीटा कण. शेवटी शिसं-२०६ तयार होतं आणि ते स्थिर असतं, पुढे बदलत नाही. या उतरंडीला ऱ्हासमालिका म्हणतात.

प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ वेगळा असतो. तो अर्धायुष्यात मोजतात. अर्धायुष्य म्हणजे असलेल्या अणूंपैकी निम्मे अणू बदलायला लागणारा काळ. मालिकेतले काही महत्त्वाचे टप्पे असे:

- युरेनियम-२३८: सुमारे ४४७ कोटी वर्षं
- युरेनियम-२३४: सुमारे २ लाख ४५ हजार वर्षं
- थोरियम-२३०: सुमारे ७५ हजार ६०० वर्षं
- रेडियम-२२६: सुमारे १,६०० वर्षं
- रेडॉन-२२२: ३.८ दिवस
- शिसं-२१०: सुमारे २२ वर्षं
- पोलोनियम-२१०: १३८ दिवस
- शिसं-२०६: स्थिर

निसर्गात अशा आणखी दोन मोठ्या मालिका आहेत. युरेनियम-२३५ ची मालिका शिसं-२०७ वर संपते, तिचं अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षं आहे. थोरियम-२३२ ची मालिका शिसं-२०८ वर संपते आणि तिचं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं आहे.

वरची यादी म्हणजे घड्याळाच्या दुकानासारखी आहे. कोट्यवधी वर्षं मोजायची तर मोठं घड्याळ घ्यायचं, शंभर वर्षं मोजायची तर छोटं.

समतोल आणि बिघडलेला समतोल

शिवसागर प्रचंड मोठा आणि कोळकेवाडीचा जलाशय त्यामानाने लहान. तरीही कोळकेवाडीत रोज जितकं पाणी येतं तितकंच बाहेर जात असेल, तर पातळी स्थिर राहते. दगडाला कोणी धक्का लावला नाही तर लाखो वर्षांनी ऱ्हासमालिकेतही अशीच अवस्था येते. प्रत्येक टप्प्यावर जितके अणू तयार होतात तितकेच पुढे जातात. या अवस्थेत रेडियमच्या एका अणूमागे युरेनियमचे सुमारे २८ लाख अणू असतात, पण दर सेकंदाला दोघांचे सारखेच अणू बदलतात.

आता मध्येच एखादा दरवाजा बंद झाला तर? खालच्या जलाशयाची पातळी उतरू लागेल. ती किती उतरली यावरून दरवाजा बंद होऊन किती वेळ झाला ते सांगता येईल. निसर्गात हा दरवाजा अनेक प्रकारे बंद होतो. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. रेडॉन हा वायू असल्यामुळे जमिनीतून निसटून हवेत जातो. लाव्हा थंड होताना स्फटिक काही मूलद्रव्यं आत घेतात आणि काही बाहेर ठेवतात. अशी प्रत्येक घटना समतोल मोडते, आणि समतोल मोडला की एक नवं घड्याळ सुरू होतं.

म्हणजे ही पद्धत "दगडाचं वय" सांगत नाही. ती एका घटनेचं वय सांगते. स्फटिक कधी बनला, लाव्हा कधी गोठला, गाळ कधी बसला, यांपैकी कोणती घटना ते आधी ठरवावं लागतं.

कार्बन डेटिंग इथे का चालत नाही?

"अमुक लेण्याच्या दगडाचं कार्बन डेटिंग केलं तेव्हा ते इतक्या हजार वर्षांपूर्वीचं निघालं" असे मेसेज फिरत असतात. अशा मेसेजवर विश्वास ठेवू नका. कार्बन-१४ चं अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षं असतं आणि साधारण ५० हजार वर्षांपलीकडे ते कामाचं नाही. शिवाय ते लाकूड, कोळसा, हाडं, शिंपले अशा एकेकाळी सजीवांचा भाग असलेल्या वस्तूंना लावता येतं. बेसाल्टला, म्हणजे आपल्या काळ्या कातळाला, ते लावताच येत नाही.

दुसरी गोष्ट, वेरूळच्या कैलास लेण्याच्या किंवा रायगडाच्या कातळाचं वय कोणी काढलंच, तर ते कोट्यवधी वर्षं येईल. ते लाव्हा गोठल्याचं वय असेल. छिन्नी कधी चालली हे त्यातून कळणार नाही, कारण दगड कोरल्याने त्यातलं घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही.

मग काळ्या कातळाचं वय कसं काढतात?

दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला पोटॅशियम-४० चा. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं असतं आणि त्यातल्या काही अणूंपासून आर्गॉन-४० हा वायू बनतो. लाव्हा वितळलेला असताना हा वायू निसटून जातो, गोठल्यावर स्फटिकात अडकतो. अडकलेला आर्गॉन मोजला की लाव्हा कधी गोठला ते कळतं. या पद्धतीचं सुधारित रूप म्हणजे आर्गॉन-आर्गॉन पद्धत. त्यात नमुन्यावर आधी अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करतात. मुंबईच्या आयआयटीत अशी प्रयोगशाळा आहे.

पोटॅशियमचा बदल एकाच टप्प्यात होतो, त्याला लांब मालिका नाही. दुसरा मार्ग मात्र थेट युरेनियमच्या मालिकेचा आहे. त्यासाठी झिरकॉन नावाचा छोटासा स्फटिक लागतो. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिशाला जवळजवळ थारा देत नाही. त्यामुळे आज त्यात जे शिसं सापडतं ते बहुतेक सगळं युरेनियमपासून नंतर बनलेलं असतं. त्यात युरेनियम-२३८ आणि युरेनियम-२३५ अशी दोन घड्याळं एकाच वेळी चालतात. दोघांनी सारखी वेळ दाखवली तर वय विश्वासार्ह. दोघांत तफावत आली तर स्फटिकातून मधल्या काळात काहीतरी बाहेर गेलं, असा संशय घ्यायचा.

अडचण अशी की बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा मिळत नाही. यावर उपाय सापडला तो घाटात सर्वांना दिसणाऱ्या एका गोष्टीत. सह्याद्रीच्या घाटांत काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये मधूनच तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर आणि दुसरा येण्याआधी जो काळ गेला, त्यात ही माती तयार झाली. त्या काळात हवेतून आलेली ज्वालामुखीची राखही तिच्यात मिसळली, आणि त्या राखेत झिरकॉन होते.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या थरांतले असे झिरकॉन वेचून २०१५ मध्ये त्यांची वयं प्रसिद्ध केली. दख्खनचा मुख्य लाव्हा डायनोसॉर नष्ट होण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी वाहू लागला आणि साधारण साडेसात लाख वर्षांत ११ लाख घन किलोमीटरहून अधिक लाव्हा बाहेर पडला, असा त्यांचा निष्कर्ष होता.

डायनोसॉरांचा वाद आणि मधलं एक थोरियम

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरांसह असंख्य जीव संपले. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड अशनी आदळला आणि इकडे दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता. यात जास्त वाटा कोणाचा, हा जगभर गाजलेला वाद आहे. बहुतेक लाव्हा आधी आला असेल तर त्यातल्या वायूंनी हवामान बिघडवून जीवसृष्टीला आधीच घायकुतीला आणलं, असं म्हणता येतं. बहुतेक लाव्हा नंतर आला असेल तर त्याच्यावरचा आरोप सौम्य होतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन संशोधनं आली. शोन यांच्या गटाने झिरकॉनवरून सांगितलं की लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला आणि त्यातला एक मोठा झटका जीवसंहाराच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला. कोर्टनी स्प्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने सांगितलं की सुमारे ७५ टक्के लाव्हा जीवसंहारानंतर आला.

एकच डोंगर, दोन घड्याळं आणि दोन वेगळ्या गोष्टी. लक्षात घ्या, दोन्ही गटांचं "सुमारे ६.६ कोटी" यावर एकमत आहे. भांडण आहे ते लाखाच्या आतल्या वर्षांचं.

ऱ्हासमालिकेतल्या मधल्या टप्प्यांची किंमत इथेच कळते. झिरकॉन बनताना युरेनियम भरपूर घेतो, पण थोरियम त्यामानाने कमी घेतो. म्हणजे सुरुवातीलाच मालिकेतला थोरियम-२३० चा 'जलाशय' अर्धवट रिकामा असतो. तो भरेपर्यंत शेवटच्या टोकाला शिसं जरा कमी पोचतं. हे लक्षात न घेता हिशोब केला तर स्फटिक खऱ्या वयापेक्षा तरुण दिसतो. ही चूक जास्तीत जास्त सुमारे १ लाख ९ हजार वर्षांची असू शकते. ६.६ कोटींपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण लाव्हा आधी की अशनी आधी हा प्रश्न नेमका एवढ्याच अंतराचा असल्यामुळे ही दुरुस्ती केल्याशिवाय झिरकॉनचं वय मांडता येत नाही.

कातळाच्या खाली काय आहे?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.३ होती. धरणाच्या पाण्याचा आणि इथल्या भूकंपांचा संबंध तपासण्यासाठी पुढे या भागात खोल विवरं खणण्यात आली. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची कराड इथली प्रयोगशाळा हे काम पाहते. गोठणे इथलं विवर सुमारे ३ किलोमीटर खोल आहे.

या विवरात सुमारे सव्वा किलोमीटर काळा कातळ लागला आणि त्याच्या लगेच खाली ग्रॅनाइटसारखा जुना पाया. त्या पायाच्या खडकांत झिरकॉन असतात, त्यामुळे तिथे युरेनियम-शिसं घड्याळ थेट वापरता येतं. त्यावरून हे खडक २५० कोटी वर्षांहून जुने निघाले.

फरक आकड्यांत पाहा. ६.६ कोटी वर्षांत युरेनियम-२३८ च्या १०० अणूंपैकी जेमतेम एकच शिसं होतो. २५० कोटी वर्षांत १०० पैकी ३२ होतात. युरेनियम-२३५ तर तोवर ९० टक्क्यांहून अधिक संपलेलं असतं. प्रयोगशाळेत हा फरक अगदी स्पष्ट दिसतो.

म्हणजे या विवरात जिथे काळा कातळ संपतो आणि ग्रॅनाइट सुरू होतो, त्या एका रेषेवर सुमारे २४० कोटी वर्षांचा हिशोब गायब आहे. त्या काळातले थर एक तर बसलेच नाहीत किंवा बसून वाहून गेले. घड्याळ नसतं तर दोन दगड एकमेकांना चिकटलेले दिसले असते, मधली पोकळी कळली नसती.

जांभा आणि घाटाचं वय

कोकणातल्या घरांचा चिरा ज्या जांभ्यातून निघतो, तो म्हणजे ऊनपावसाने कुजलेला खडक. कुजताना त्यातलं बरंच काही वाहून जातं, त्यामुळे मूळ खडकाचं घड्याळ बिघडतं. पण जांभ्याच्या काही थरांत मँगनीजची नवी खनिजं तयार होतात आणि त्यात पोटॅशियम असतं. तिथे आर्गॉनचं घड्याळ नव्याने सुरू होतं, आणि ते कुजण्याच्या प्रक्रियेचा काळ सांगतं.

सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या भागात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात कड्याच्या पायथ्याकडच्या सखल पट्टीतली काही खनिजं सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीची निघाली. पायथ्याची जमीन तेव्हाच जांभ्यात बदलत होती, म्हणजे तिच्या मागचा उंच कडाही तेव्हा उभा असणार. घाटाचा कडा अलीकडे उचलला गेला, या समजुतीला हा मोठा धक्का होता.

वाशिष्ठीचा गाळ: २२ वर्षांचं घड्याळ

आता सर्वांत छोटं आणि लोकांच्या रोजच्या आयुष्याला सर्वांत जवळचं घड्याळ. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये महापूर आला. त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ काढण्याची मागणी जोर धरू लागली आणि कामही सुरू झालं. गाळ नेमका कधी आणि किती वेगाने साठला, हा प्रश्न अशा वेळी कळीचा असतो. त्याचं उत्तर शिसं-२१० देऊ शकतं.

हे कसं होतं ते पाहू. जमिनीतल्या युरेनियमपासून शेवटी रेडॉन वायू बनतो आणि त्यातला काही हवेत निसटतो. काही दिवसांत त्याचं रूपांतर होत होत शिसं-२१० बनतं. ते धूळ आणि पावसाबरोबर खाली येतं, मातीच्या कणांना चिकटतं आणि गाळात जाऊन बसतं. वर नवा गाळ पडला की खालच्या थराला हवेतून नवा पुरवठा मिळत नाही. दरवाजा बंद झाला, घड्याळ सुरू झालं.

गाळाच्या कणांतल्या युरेनियमपासूनही थोडं शिसं-२१० बनतच असतं. तेवढा भाग वजा करून उरलेलं 'जादा' शिसं-२१० मोजतात. समजा वरच्या थरात ते ८० एकक आहे, ३० सेंटीमीटर खोलीवर ४० आणि ६० सेंटीमीटरवर २०. दर ३० सेंटीमीटरला निम्मं होतंय, म्हणजे तेवढा गाळ साठायला २२ वर्षं लागली. वेग वर्षाला सुमारे १.४ सेंटीमीटर. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण हिशोब हाच. मोठ्या पुरात एका दिवसात जाड थर पडतो, तेव्हा त्या पूर्ण जाडीत शिसं-२१० चं घटणं थांबलेलं दिसतं आणि पूर ओळखता येतो. साधारण १०० ते १५० वर्षांपर्यंत हे घड्याळ चालतं.

१९६३ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग यांनी ही पद्धत सुचवली. तलावांच्या गाळाला ती लावून दाखवणाऱ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक महत्त्वाचं काम मुंबईतून झालं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एस. कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल यांनी मार्टिन आणि मेबेक या फ्रेंच संशोधकांसोबत १९७१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आज जगभर तलाव, खाड्या आणि धरणांच्या गाळासाठी हीच पद्धत वापरतात.

ताळा करण्यासाठी सीझियम-१३७ उपयोगी पडतं. ते अणुचाचण्यांमुळे हवेत आलं आणि १९६३ च्या सुमारास सर्वांत जास्त खाली पडलं. गाळात त्याचा सर्वाधिक अंश ज्या थरात सापडतो, तो थर त्या काळातला मानतात. शिसं-२१० चा हिशोब त्याच्याशी जुळला तर तारीख पक्की.

घड्याळ कधी फसतं?

- नमुना ढवळला गेला असेल तर. यंत्राने उपसलेल्या पात्रात थरांचा क्रम राहत नाही. खेकडे आणि किडेही वरचा गाळ खाली-वर करतात. म्हणून खाडीच्या कडेची, न ढवळलेली जागा शोधावी लागते. आणि उपसा करण्याआधी नमुना घेतला नाही तर तिथली नोंद कायमची जाते.
- खडकात पाणी मुरलं असेल तर. युरेनियम विरघळून निघून जातं किंवा बाहेरून येतं, आणि वय चुकतं.
- स्फटिक उसना असेल तर. जुन्या खडकातून वाहत आलेला झिरकॉन स्वतःचं वय सांगतो, तो ज्या थरात सापडला त्या थराचं नाही.
- चुकीचं घड्याळ निवडलं तर. २२ वर्षांच्या घड्याळाने लाव्हा मोजता येत नाही आणि ४४७ कोटींच्या घड्याळाने पूर मोजता येत नाही.

म्हणूनच चांगल्या संशोधनात वयासोबत 'अधिक-उणे' किती तेही दिलेलं असतं, आणि शक्य असेल तिथे दुसऱ्या पद्धतीने ताळा केलेला असतो. दगडाच्या किंवा गाळाच्या वयाची बातमी वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात: नमुना कुठून घेतला, घड्याळ कोणतं वापरलं आणि त्या घड्याळाने नेमकी कोणती घटना मोजली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बातमीत नसेल तर आकडा कितीही मोठा असला तरी त्याचा अर्थ लावता येत नाही.